आप्पा, देव खरंच रडला होता

आप्पा, तुमच्या दहाव्याची माणसं पांगली आणि ओट्यावर मी आणि जिजीच उरलो, तेव्हा जिजींनी मला एक प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत तुमच्या घरी मी किती चहा प्यालो असेन, पण तुमची ही बायको माझ्याशी "घ्या" आणि "आणखी वाढू का" यापलीकडे कधी बोलली नव्हती. आपण दोघं देवावर वाद घालायला लागलो की त्या आत निघून जायच्या. त्या दिवशी मात्र पदर सावरून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी दोघं नुसतं देव मानूस झाला, देव मानूस झाला, करीत बसायचा. त्याच्या आईचं कवा इचारलं का कुणी? देवाला आंघुळ घालायची म्हंजी तिचा हात थरथरला आसंल का न्हाई?"

मी म्हणालो, पहिल्या दिवशी थरथरला असेल.

"आन् दुसऱ्या दिवशी सवय झाली आसंल," जिजी म्हणाल्या. "लेकरू ते लेकरू." आणि त्या हसल्या. तुम्ही गेल्यानंतर त्या घरात कुणी हसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. तुमची सून सुनंदा काय झालं म्हणून स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली.

वाद तुमच्याबरोबर संपला नाही, हे तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसलो. बाकी तुमच्याबद्दल जे सांगायचं ते वरवंडच्या चौकातल्या फ्लेक्सवर आहेच. माजी सरपंच, सोसायटीचे माजी चेअरमन, प्रगतशील बागायतदार. फोटोत तुम्ही फेटा बांधून फार गंभीर दिसताय. मला तुम्ही तसे कधी दिसला नाहीत.

मला तुम्ही पहिल्यांदा दिसलात ते हायवेच्या कडेला, चहाचा ग्लास हातात धरलेले. मी दौंडच्या एका लहान चर्चचा पाळक. रेल्वेतली काही कुटुंबं, काही शिक्षक, दवाखान्यातल्या नर्सबाई, एवढीच आमची मंडळी. महिन्यातून एका रविवारी दुपारी मी शिरूरला जायचो. तिथली चार ख्रिस्ती घरं एकाच्या हॉलमध्ये उपासनेला जमायची. नाताळच्या आधीचा रविवार होता आणि माझ्या मोटारसायकलची चेन तुमच्या गावात तुटली. रविवार म्हणून मेकॅनिक गावाला गेलेला. तुम्ही विचारलंत कुठं निघालात, मी म्हणालो शिरूरला. कशाला, तर प्रार्थनेला. देव थांबेल की तोवर, असं म्हणालात, आणि लगेच स्वतःच सुधारलंत, की देव थांबेल, माणसं थांबायची नाहीत. तुम्हाला तुमच्या लेकीकडे, मंगलताईंकडे, कांद्याच्या गोण्या पोचवायच्या होत्या. तिलाही शिरूरलाच दिलेली. माझी मोटारसायकल चहाच्या टपरीशी ढकलून ठेवायला लावलीत आणि मला पिकअपमध्ये घातलंत.

शिरूरला गोण्या उतरवून तुम्ही परत आलात, तेव्हा आमची उपासना चालू होती. तुम्ही चपला काढून दाराजवळ बसलात आणि शेवटपर्यंत ऐकलंत. मी नाताळचा नेहमीचा उपदेश करत होतो, देव माणूस झाला, आपल्यात येऊन राहिला. परतताना न्हावऱ्याचा फाटा मागे पडला. मग म्हणालात, "पाद्रीबुवा, तुमचं कीर्तन ऐकलं. चांगलं व्हतं. पन एक सांगा. देव मानूस झाला, का नुसता दिसला?"

त्या दिवसापासून मी पाद्रीबुवा झालो. आणि तो प्रश्न, आप्पा, तुम्हाला कल्पना नव्हती किती जुना आहे. ह्या एका प्रश्नावर पहिल्या काही शतकांत आमच्या धर्मपंडितांनी परिषदा भरवल्या, भांडणं केली, एकमेकांना हद्दपार केलं. पाळकाच्या शिक्षणात मी त्यावर जाडजूड पेपर लिहिला होता. इतक्या थोडक्यात तो मला कुणी विचारला नव्हता.

तुमची अडचण काय होती ते समजायला मला काही महिने लागले. कारण त्यानंतर दर महिन्याला तुम्हाला लेकीकडे जायचं काहीतरी कारण निघायला लागलं, आणि माझी मोटारसायकल वरवंडला तुमच्या दारात उभी राहायला लागली. येशू देव आहे, ह्याला तुमची हरकत नव्हती. देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी जागा आहे, म्हणालात. माझ्यासारख्यांना लोक नेहमी अडवतात ते देवपणावर; तुम्ही अडलात ते माणूसपणावर. देवाला भूक लागली, तो दमला, रडला, हे सगळं त्यानं केलं ते आपल्यासाठी, दाखवायला. आतून त्याला ठाऊक असणारच आपण कोण ते. तुम्ही बहुरूप्याचं उदाहरण दिलंत. तो पोलिसाची वर्दी घालून गावात येतो, दम देतो, लहान पोरं पळतात. पण वर्दीच्या आत बहुरूपीच असतो.

मी म्हणालो, आमची श्रद्धा नेमकी इथंच वेगळी आहे. ती वर्दी नव्हती. तो पूर्ण देव होता आणि पूर्ण माणूस होता.

"मग देवपन कुठं ठिवलं व्हतं? शिरूरच्या स्टँडवर?"

कुठंच ठेवलं नव्हतं, बरोबरच होतं, असं मी सांगितल्यावर तुम्ही पुढचा महिनाभर विचार केलात आणि पारगावच्या पुलावर गाडी हळू करून म्हणालात, कळलं, हे आंब्याच्या कलमासारखं आहे. खाली गावठी, वर केशर. मला ते इतकं आवडलं की नाही म्हणायला जिवावर आलं. पण तसं धरलं तर त्याचं उपाशी पोट माणसाचं आणि आजाऱ्याला बरं करणारा हात देवाचा, अशी वाटणी होते. आम्ही म्हणतो, मुळापासून शेंड्यापर्यंत दोन्ही. तुम्ही म्हणालात, असलं झाड मी पाहिलं नाही. मी म्हणालो मीही नाही, म्हणूनच आम्ही म्हणतो की ते एकदाच झालं.

माझीही उदाहरणं तुम्ही सोडली नाहीत. एकदा मी फार खुशीत येऊन सांगितलं होतं, समजा एखादा कलेक्टर बंगला सोडून ऊसतोडीच्या कोप्यांमध्ये राहायला गेला, त्यांच्याबरोबर कोयता चालवला. तुम्ही मान हलवलीत. त्याच्या खिशात परतीचं तिकीट असणार, म्हणालात. कंटाळला की बंगल्यावर जाईल. तो मजूर नव्हे.

मी म्हणालो, "खिसाच नव्हता, आप्पा. शेवटी क्रुसावर चढवताना अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतले होते."

केडगाव आलं, चौफुला आला. मला उतरवताना तुम्ही म्हणालात, "हे तुमी त्या कीर्तनात सांगितलं न्हवतं." खरं होतं. ते मला तेव्हाच, गाडीत, तुमच्याशी बोलताना सुचलं होतं.

मग ते गोठ्याचं वर्ष. आमच्या चर्चच्या हॉलचा स्लॅब दुरुस्तीला काढलेला, आणि मुलांचं नाताळचं नाटक कुठं करायचं याची मी काळजी करत होतो. तुम्ही विचारलंत नाटकात काय असतं. मी सांगितलं, गोठा, गव्हाण, बाळ, मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष. तुम्ही म्हणालात, मग हॉल कशाला पाहिजे? गोठा माझा घ्या.

आमच्याकडे काहींनी नाकं मुरडली, इतक्या लांब मुलांना शेणात कशाला न्यायचं म्हणून. तुमच्याकडे तर सोसायटीच्या ओट्यावर कुणीतरी म्हणालं की आप्पा आता बाटणार. ते तुमच्या कानावर आलं तेव्हा मी शेजारीच बसलेला. उद्या गावात काही बोभाटा झाला तर माझ्यामुळे तुमची मान खाली, आणि माझ्या मंडळीतली गरीब माणसं अडचणीत. मी म्हणालो, राहू द्या आप्पा, आम्ही शाळेचं मैदान बघतो. तुम्ही उठून त्या ओट्यापर्यंत चालत गेलात. मी मागोमाग. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "ह्यांच्या लेकरांना गोठा पायजे, आन् मला पावनं पायजेत," एवढंच म्हणालात. "ह्यात बाटायचं काय ते सांगा. आन् बघायला समद्यांनी यायचं. भेळ माझ्याकडनं." भेळ म्हटल्यावर विषय संपला.

नाटकाच्या दिवशी सकाळी मी आलो आणि गोठा ओळखला नाही. तुम्ही गड्यांना लावून सगळं शेण काढलेलं, जमीन धुतलेली, भिंतींना चुना, दारात रांगोळी, गव्हाणीला झेंडूच्या माळा. म्हशी मागच्या शेडमध्ये हलवलेल्या. उदबत्तीचा वास. तुम्ही धुतलेल्या धोतरात उभे, माझ्या तोंडाकडे बघत.

मी म्हणालो, "आप्पा, हे फार सुंदर झालंय. पण गोठा राहू द्यायचा होता."

"देव यायचाय, पाद्रीबुवा. शेनात?"

"हो आप्पा. शेणातच. आपला वाद त्याच्यावरच चाललाय ना इतके दिवस?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, रांगोळीकडे बघितलंत. मग एका गड्याला हाक मारून म्हणालात, म्हशी परत आण. एकच आणा, असं मीच म्हणालो. ती आली आणि तिनं तुमच्या चुना मारलेल्या भिंतीपाशी लगेच पो टाकला. तुम्ही कपाळाला हात लावला आणि मी रांगोळी वाचवायला धावलो. तुमची रांगोळी आणि माझी म्हैस, दोन्ही राहिलं. आज वाटतं, बरोबर तसंच हवं होतं. नुसत्या म्हशीनं तो आपल्यासारखा झाला हे कळतं, पण कोण झाला ते कळत नाही. ते सांगायला तुमचा चुना आणि झेंडू लागतो.

बाळ म्हणून आम्ही बाहुली आणायची ठरवली होती आणि ती दौंडलाच राहिली. सुनंदाची धाकटी तेव्हा चार महिन्यांची. तिला मलमलमध्ये गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. म्हैस, माळा, मेंढपाळ, समोर अर्धं गाव आणि आमची मंडळी सतरंजीवर एकमेकांना खेटून बसलेली. पहिला देवदूत तोंड उघडतो न उघडतो तोच बाळानं भोंगा पसरला. येशूची आई मरिया झालेली आमच्या मंडळीतली नववीतली मुलगी घाबरून तिला उचलेना. देवदूत ओरडून ओरडून आनंदाची बातमी सांगतोय आणि एक अक्षर ऐकू येत नाही. शेवटी जिजीच उठल्या, नऊवारी खोचली, सरळ गोठ्यात शिरल्या, बाळ उचललं आणि मरियेच्या मागं मांडी घालून बसल्या. बाळानं त्यांच्या मांडीवर आणि पूर्वेकडून आलेल्या एका ज्ञानी पुरुषाच्या शालीवर एकदमच धार सोडली. मेंढपाळांना हसू आवरेना. लोक तर पोट धरून हसत होते, आमचेही आणि तुमचेही. मी इतक्या वर्षांत इतकं आनंदी नाताळ पाहिलं नव्हतं.

तुम्ही हसत नव्हता. तुम्ही माझा दंड धरून विचारलंत, "असं? आसाच रडला आसंल?"

"असाच."

"भूक लागली म्हनून?"

"भूक लागली म्हणून, ओलं झालं म्हणून. आई दिसेना म्हणून."

तुम्ही पुढं गेलात, आणि स्वतःच्या नातीच्या पायांना हात लावून तो कपाळाला लावलात. सगळ्यांना वाटलं नाटकातलंच आहे.

तुम्ही त्यानंतर ख्रिस्ती झालात का, असं मला आमच्यातल्या एकदोघांनी विचारलं होतं. नाही झालात. तुमचा खंडोबा तुमच्या देवघरात राहिला आणि चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचा डबा माझ्या घरी येत राहिला. मी तुम्हाला कधी तसं विचारलं नाही, तुम्ही कधी तो विषय काढला नाहीत. मी माझी श्रद्धा तुमच्यापासून कधी लपवली नाही, आणि तुम्ही तुमची शंका. मैत्रीला एवढं पुरलं.

पुढं तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. पुण्याहून घरी आणल्यावर काही दिवसांनी सुनंदाचा फोन आला, आप्पा जेवत नाहीत, मला खोलीत येऊ देत नाहीत, तुम्ही या. मी आलो. दार अर्धवट लोटलेलं. जिजी बाहेर भिंतीला टेकून बसलेल्या. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होता. वाटेत मी धीराचे चार शब्द जुळवले होते. तुम्हाला पाहिल्यावर ते बोलायची हिंमत झाली नाही. खुर्ची ओढून बसलो.

तुम्ही बोललात, एकेक शब्द ओढत. "सरपंच व्हतो मी. आन् आता सून तोंड पुसनार. सून. आंघुळबी तीच घालनार म्हनं. लाज वाटती, पाद्रीबुवा. त्यापरीस गेलेलं बरं."

मी तुमचा डावा हात धरला. बाहेर सुनंदा भांडी लावत होती. मग तुम्ही मान वळवलीत आणि माझ्याकडे असं बघितलंत, जसं वादात एखादा मुद्दा पकडल्यावर बघायचा.

"त्यानं पुसून घेतलं व्हतं ना? तुमच्या देवानं. अंग, तोंड, समदं. खरं का नाटक? आज खरं सांगा."

"खरं, आप्पा. नाटक असतं तर हा पाळकाचा झगा मी कधीच उतरवून ठेवला असता."

"लाज न्हाई वाटली त्याला?"

"लाज वाटली असती तर आलाच नसता."

तुम्ही छताकडे बघत पडून राहिलात. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ते पुसायला तुमचा हात उठत नव्हता. मी पुसणार तेवढ्यात तुम्ही हाक मारलीत, "सुनंदे, भात आन."

ती ताट घेऊन आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. पहिला घास निम्मा हनुवटीवर सांडला. तिनं पदरानं पुसला. तुम्ही तिच्याकडे बघून तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसलात, कारण तेव्हा तेवढाच कोपरा हलत होता, आणि म्हणालात, आमटीत मीठ कमी आहे. सुनंदा रडत रडत हसायला लागली. जिजी दारातून आत आल्या. मी धर्मशास्त्राचे धडे कुठं कुठं घेतले असतील, पण देव माणूस झाल्याचा उपयोग काय, हे मला त्या ताटाशेजारी बसून कळलं.

त्यानंतर तुम्ही मजेत जगलात. बोलणं सुटलं, काठी घेऊन अंगणात फिरायला लागलात. मी एक जुनी कार घेतली आणि महिन्यातून एकदा मी तुम्हाला शिरूरला नेऊ लागलो. पूर्वी पिकअप तुम्ही हाकायचात, आता गाडी माझ्या हातात, म्हणून वाद घालायला पूर्ण मोकळे झालात. ते गव्हाणीतलं बाळ मोठं होऊन आपण नाटकात कसा गोंधळ घातला याची फुशारकी मारायला लागलं, तेव्हा तुम्ही मला विचारलंत, तो गव्हाणीत होता तेव्हा त्याला ठाऊक होतं का, आपण देव आहोत ते? मी सांगितलं, मला माहीत नाही. आमच्यातल्या थोर लोकांचंही ह्यावर एकमत नाही. तुम्हाला त्याचा फार आनंद झाला. पाद्रीबुवाला माहीत नाही, असं तुम्ही भेटेल त्याला सांगत सुटलात.

एक मात्र तुम्हाला सांगायचं राहिलं. मी नाताळचा उपदेश पूर्वी सभेचं इतिवृत्त वाचावं तसा करायचो. आता करताना मला मध्येच हसू येतं. मंडळीला वाटतं वय झालं. तसं नाही. ज्या गोष्टीवर माझा विश्वास होता, ती तुम्ही इतक्या प्रश्नांनी ठोकून ठोकून बघितलीत, की तिचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. ह्याबद्दल आभार मानायला हवे होते. तुम्ही ते ऐकून घेतले नसते, हेही खरं.

आपली शेवटची भेट गेल्या महिन्यातली. तुम्ही ओट्यावर बाजेवर पडलेले. थकला होता, पण डोळे जागे होते. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, त्यांच्या टेपचा आवाज. मी बसलो तोच तुम्ही म्हणालात की एक शेवटचं विचारायचं राहिलंय. तो मेला, उठला, वर गेला, असं तुम्ही म्हणता. मग वर गेल्यावर त्यानं ते माणूसपण काढून ठेवलं असेल?

"नाही, आप्पा. आमची श्रद्धा अशी आहे, की ते त्यानं परत कधीच उतरवलं नाही. तो आजही माणूस आहे. हातावरचे व्रणसुद्धा तसेच आहेत."

"अजून?"

"अजून. आणि कायमचा."

तुम्ही डाव्या हातावर भार देऊन उठून बसलात. "म्हंजी वर, देवाच्या जागी, एक मानूस बसलाय? उपाशी राहिल्याला, मार खाल्ल्याला?"

"हो."

तुम्ही हळूच पुन्हा आडवे झालात आणि पाय लांब सोडलेत. तुमचा चेहरा असा दिसत होता, जसा लांबच्या गावाला निघालेल्या माणसाचा, तिथं आपला कुणी उतरवून घ्यायला येणार आहे हे कळल्यावर दिसतो.

"मग बरं हाय," तुम्ही म्हणालात. "मला वाटलं, वर समदी अनोळखीच असत्याल."